वीतभर पुढे

जिंकलो.
एक-शून्य. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला.
अंधेरीच्या स्टेडियमात निम्म्या खुर्च्या रिकाम्या,
तरी आवाज असा, की डी. एन. नगरच्या बाल्कन्यांमधले
वाळत घातलेले टॉवेल हलले असतील.

शेजारचा पोरगा, ओळख ना पाळख,
गालावर तिरंगा, हातात अर्धा वडापाव,
सरळ गळ्यातच पडला. "काका, जिंकलो!"
चटणीचा डाग शर्टावर अजून आहे.

आणि माझा उजवा हात
वर होता.
कुणाच्या लक्षात आलं नाही,
सगळ्यांचेच हात वर होते.

मी बसलो होतो नेमका रेषेत.
पास सुटला तेव्हा आपला नऊ नंबर
त्यांच्या शेवटच्या गड्याच्या
एक वीत पुढे होता.
वीत म्हणजे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.
अंदाजपंचे बोलत नाही मी.
बावीस वर्षं कूपरेजच्या कडेकडेनं धावलोय,
हातात पिवळा झेंडा, मॅचमागे चाळीस रुपये,
हाफटाइमला लिंबाची एक फोड,
आणि दर रविवारी माझ्या आईचा उद्धार
चार भाषांत.

बेटांवरचा तो देश. एवढासा.
अकरा जण जमवतानाच दमत असतील.
त्यांच्या गोलकीपरनं लाइन्समनकडे हात केला,
मग खाली घेतला.
स्वतःच जाळ्यात वाकून बॉल काढला,
जर्सीला पुसला,
आणि मधल्या वर्तुळाकडे फेकला.
उशीर नको म्हणून.

पस्तीस वर्षं मी या संघाला हरताना पाहिलंय.
हरण्यात मी तरबेज आहे.
काय बोलायचं ते पाठ आहे :
पोरांना मैदानं नाहीत, बूट नाहीत,
सगळं क्रिकेटनं खाल्लं,
वरच्या साहेबांना फक्त विमानाची तिकिटं पाहिजेत.
घरी पोचेपर्यंत पुरतं एवढं.
जिंकल्यावर काय बोलायचं
ते कुणी शिकवलंच नाही.

आनंद झाला नाही असं नाही.
झाला. घशात आला, डोळ्यांत आला,
राष्ट्रगीताच्या वेळी आला होता त्याहून जास्त आला.
फक्त तो हात
खाली यायला तयार नव्हता.

त्या लाइन्समनचा राग नाही आला.
पोरसवदा होता. झेंडा मांडीला चिकटलेला.
पासकडे बघताना पाय अर्धं पाऊल मागे राहतो,
आणि अर्ध्या पावलानं सगळं जग तिरकं दिसतं.
होतं.
माझंही झालं असेल कधी.

असेल?

इनास डाबरे. ऑफिस लीग, शेवटची मॅच.
मैदानाबाहेर बँकेचे साहेब छत्रीखाली बसलेले,
चांगला खेळला तर कायम करू म्हणाले होते.
इनासनं डाव्या पायानं असा मारला,
की जाळं नंतर बराच वेळ हलत होतं.
मी झेंडा वर केला.
इनास माझ्याकडे बघून थांबला. भांडला नाही.
पुढे वसईहून दादरला भाजीचा टेम्पो चालवला त्यानं,
तीस वर्षं.
लेकीच्या लग्नात मला वाढताना
वडे तसेच हातात धरून
एकदाच उजवा हात सरळ वर केला, आणि हसला.
मीही हसलो.
काय समजून, ते आजवर कळलं नाही.

दार उघडून कुमुद म्हणाली, "हरले ना?"
"जिंकले."
"मग तोंड का असं?
आणि हे काय लावून आलात शर्टाला?"

रात्री साडेअकराला इनासला फोन लावला.
तो ओरडतच होता, "बघितलास का रे, बघितलास का!"
मागे नातवंडांचा गोंधळ, कुणीतरी ताट बडवत होतं.

"ऑफसाइड होता रे," मी म्हटलं.

मागचा आवाज तसाच चालू होता.
"कोण?" इनासनं विचारलं.

मी म्हटलं, काही नाही,
तुझा आवाज तुटतोय.