वीसपर्यंत

मुंबईत थंडी आधी बातम्यांत येते,
मग एकुलत्या स्वेटरच्या डांबरगोळीच्या वासात,
मग पहाटे वाशी नाक्यावर,
रिफायनरीची ज्योत धुरक्यात
पाण्यात पडलेल्या कुंकवासारखी पसरते तेव्हा.
यंदा आमच्याकडे ती नाकातून आली.

मृण्मयीचा निम्मा वर्ग शिंकत होता.
पण गॅदरिंग होतं, तिला ससा व्हायचं होतं,
म्हणून पाठवली.
घरी आली ती कान लावूनच,
आणि पाळण्यात वाकून म्हणाली, बघ, ससा.
धाकटी हसली. चार महिन्यांची.
बारसं झालंय, तरी आम्ही तिला ठमीच म्हणतो.

पहिल्या दिवशी नुसतं नाक.
दुसऱ्या दिवशी तव्यावर ओव्याची पुरचुंडी,
तळपायांना लसणीचं तेल.
तिसऱ्या रात्री तिने दूध सोडलं.
नळाला पाणी यायच्या आधी
पाइपात हवा खुळखुळते, तशी छाती वाजायला लागली.
दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा,
आतून कुणी चिमटीत धरून ओढल्यासारखा.

मी विजेचे मीटर वाचतो. अठरा वर्षं झाली.
जिन्याखाली वाकून, बॅटरी दातांत धरून
आकडे टिपतो, दशांश चिन्हापुढचे सोडून देतो.
त्या रात्री मोबाइलचं घड्याळ लावून
तिचं पोट वाचलं. मिनिटाला अडुसष्ट.
पुन्हा वाचलं. अडुसष्ट.
सोडून देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पालिकेच्या रुग्णालयात एका खाटेवर दोन बाळं.
उशाकडे आमची, पायथ्याशी शाइस्ताचा इब्राहिम.
दोघांच्या नाकांत नळ्या, अंगठ्यांना लाल दिवे.
डॉक्टर मुलगी, डोळ्यांखाली तीन रात्री साचलेल्या,
म्हणाली, "विषाणू आहे. ह्याला औषध नसतं.
आपण हवा द्यायची आणि वाट बघायची."
आपण, म्हणाली. मला तेवढं पुरलं.

एकोणनव्वद. एक्याण्णव. नव्वद.
इब्राहिमचा आकडा घसरला की
त्याच्या आईआधी माझी बायको उठायची.
ठमीचा घसरला की सिस्टरला हाक शाइस्ताची.
एकमेकींची नावं त्यांनी विचारली
ती पाचव्या दिवशी, आकडे जागेवर बसल्यावर.
तोवर कुणाला सुचलंच नव्हतं.

आठव्या दिवशी घरी आलो.
मृण्मयी दाराशीच उभी,
आईची ओढणी तोंडावर करकचून बांधलेली.
सशाचे कान कचऱ्याच्या डब्यात दिसले.
"बाबा, मीच दिली ना तिला?"

नाही गं, हवेने दिली, असं म्हणता आलं असतं.
समोर चार वर्षं खोदून ठेवलेला रस्ता आहे,
बोट दाखवायला सोपा.
म्हटलं, "तुझ्याकडून आली. तुलाही कुणाकडून तरी आली.
तू दिली नाहीस. देणं वेगळं असतं."
कळलं की नाही, कुणास ठाऊक.
साबणाची वडी झिजेस्तोवर हात धुतले तिने.

रात्री जाग आली तर ती पाळण्याशी,
ओढणी तशीच, एक बोट हवेत.
आकडे तिला वीसपर्यंतच येतात.
वीस झाले की पुन्हा एक.
पुन्हा वीस झाले की पुन्हा एक.
मी घड्याळ लावलं नाही. पडून ऐकत राहिलो.
मिनिट कुठे संपतं
ते तिला अजून शिकवलेलं नाही.