बासष्ट जीबीचा ड्रॅगन

डाउनलोडला दोन रात्री लागल्या.
पहिल्या रात्री मी ड्यूटीवर,
काळबादेवीत, कापडाच्या गोदामात.
दुसऱ्या रात्री भायखळ्याच्या क्वार्टर्समध्ये
बनियनवर बसून
हिरवी पट्टी सरकताना बघत राहिलो.
शलाका म्हणाली, बाबा, झोपा आता,
बघत बसल्यानं ती लवकर भरत नाही.
गेम तिचाच. बारावीला तिनं सोडला.
मला सोडता आला नाही.

नव्या विस्तारात ड्रॅगन आहे.
जुन्या नकाशात उत्तरेला नुसतं धुकं होतं,
तिथं आता डोंगर, डोंगरात सात दालनं,
सातव्यात ती.
हो, ती. अंड्यांवर बसलेली.

वीस जण लागतात.
वसईचा ग्लॅडसन, दिवसा बँकेत, रात्री सेनापती.
मुंब्र्याची फरहीन, बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला,
आमच्या जखमा भरायचं काम तिच्याकडे.
घाटकोपरचे दोन शाह भाऊ,
ड्रॅगन मरायच्या आधीच
तिच्या दातांचा भाव ठरवून बसलेले.
मी ढाल.
मी काय नोकरी करतो, कुणी विचारलेलं नाही.

पहिली तीन दालनं मी हसत होतो.
अशी आग नसते हो.
नारिंगी, स्वच्छ, लग्नाच्या मांडवातल्या पडद्यासारखी.
खरीचा आधी वास येतो,
प्लास्टिकचा, मग केसांचा, मग कसलाच नाही.
माणूस जळायच्या आधी गुदमरतो,
पुष्कळदा दारापासून चार हातांवर.
हे हेडसेटमध्ये बोललो नाही.
ग्लॅडसन ओरडत होता, काका, ढाल, ढाल!
धरली.

पाचव्या दालनात धूर होता.
आधी वाटलं, स्क्रीन गेली.
छताकडून खाली उतरत आलेला, जाड,
आणि जमिनीलगत वीतभर मोकळी हवा.
वीतभरच. कुणीतरी मोजून सोडलेली.
आमचे सगळे उभ्यानं मरत होते,
जिवंत होऊन पुन्हा उभे राहत होते.
खाली! पोटावर! डावा हात भिंतीला, सोडायचा नाही!
मी कामावर ओरडतो तसा ओरडलो.
आतल्या खोलीत दिवा लागला.

वीस जण भिंतीच्या कडेनं सरपटत निघालो,
आणि मी त्या माणसाचा विचार करत होतो
ज्यानं हे दालन बांधलं.
कुठल्या देशातला, माहीत नाही.
पण कधीतरी त्यानं फरशीला गाल लावून
श्वास घेतलेला आहे.
हे खुर्चीत बसून सुचत नाही.

पावणेतीनला ड्रॅगन पडली.
शाहांना दात मिळाले.
अग्निरोधक अंगरखा निघाला, त्यावर फासे टाकले,
माझे चार, ग्लॅडसनचे ब्याण्णव.
चालायचंच.
आमचे नवे कोटही अजून टेंडरात आहेत.

सगळे बाजाराकडे पळाले.
मी दारात उभा राहून मोजले.
मला धरून एकोणीस.
परत मोजले.

फरहीन सहाव्याच्या उंबऱ्यावर होती,
एक हात वर, तशीच थिजलेली,
डोक्यावरचं नाव करडं.
मुंब्र्यात लाइट गेली असणार.
तरीच शेवटी शेवटी कुणाच्या जखमा भरत नव्हत्या,
आणि ते आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

गेम म्हणत होता, मोहीम पूर्ण. बाहेर पडा.
बटण दाबलं नाही.
तिच्या शेजारी ढाल टेकवून उभा राहिलो.
मागे सातव्यात अंडी अजून धुगधुगत होती.
शलाका पाणी ठेवून गेली, काही बोलली नाही.

तीन चाळीसला नाव हिरवं झालं.
काका? अजून इथेच?
मी टाइप करायला सावकाश.
मोजणी राहिली होती.
कसली, असं तिनं विचारलं नाही.

मग निघालो. ती पुढे, मी मागे.
वाटेत पाच दालनं, सगळी रिकामी.
तरी प्रत्येक दाराशी थांबून
आत एकदा बघून घेतलं.