चार बोटं जागा

मे महिना, पारा शेचाळीसवर.
गड्डीगोदामच्या आमच्या बर्फ कारखान्यात
एक पोरगी स्टीलच्या डब्यात दगड घेऊन आली.
पाण्यात बुडवलेला, कामठीकडचा वालुकाश्म.
विशाखा पराते, भूगर्भशास्त्र, दुसरं वर्ष.
"रात्री थंडीत ठेवा, सकाळी मी उन्हात नेते. महिनाभर."

मी म्हणालो, "बाप्पा, दगड गार करून
कोणाले पाजून राहिली?"
ती हसली नाही. सांगू लागली:
उंच डोंगरात हे रोज चालतं.
दिवसा पाणी भेगेत शिरतं, रात्री तिथंच गोठतं,
गोठताना फुगतं, जागा मागतं.
नागपुरात तशी रात्र होत नाही,
म्हणून विकत घ्यायला आलेय. किती घ्याल?

फुगतं, हे मला कोणी शिकवायला नको.
एकोणीस वर्षं मिठाच्या पाण्यात डबे उतरवतोय.
रहीमभाईंनी पहिल्याच दिवशी
डब्याच्या काठाला माझा हात लावून दाखवलं होतं:
चार बोटं सोड. पाणी निजलं की अंग पसरते.
कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दगडात चार बोटं कोण सोडणार?

पंधरा रात्री काही नाही.
सकाळी डब्याच्या तळाशी चिमूटभर वाळू,
ती कागदावर झटकायची, तोलायची, वहीत लिहायची.
वीजबिल माझ्या नावावर नव्हतं, म्हणून बरं.

सव्विसाव्या रात्री लाइट गेली.
कॉम्प्रेसर थांबला आणि शेडमधले
सगळे थेंब एकदम ऐकू यायला लागले.
त्यातच कधीतरी
टिक्.
काचेची बांगडी टिचावी, तेवढंच.

टॉर्च घेऊन गेलो.
दगड उभा चिरलेला,
आणि भेगेत नखाएवढ्या जाडीची
बर्फाची पात, निवांत,
जणू भाडं भरून राहतेय.

विशाखा नाचलीच.
मला मात्र दगडाचं वाईट वाटलं.
एवढी वर्षं उन्हात तापला, हू की चू केलं नाही,
आणि फुटला तो वाटीभर पाण्याने.
अर्धा तुकडा तिने मला दिला.
पावत्या उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलाय.

नवा पोऱ्या डबे काठोकाठ भरतो.
"जागा सोड बे," मी ओरडतो, "जागा!"

काल सकाळी घरी आलो.
रेवताने फ्रीजरमध्ये काचेची बाटली
गळ्यापर्यंत भरून ठेवलेली.
चार दिवस आमचं बोलणं नव्हतं.
बाटली काढली,
उभ्या उभ्या दोन घोट प्यालो,
आणि तिथंच
परत ठेवली.