यादी

वरूडच्या संत्रा-पॅकिंगवर नवी कंपनी आली,
तशी पाटी बदलली, चहाचे कप बदलले,
हजेरीच्या वहीऐवजी अंगठ्याचं मशीन.
शेवंता उईकेचा अंगठा त्यात उमटेना.
वीस वर्षं फळं पुसून पुसून
रेषाच गेल्या होत्या.

नागपूरहून आलेल्या पोरानं पडद्यावर
डोंगर चढणारा माणूस दाखवला.
‘आपण सगळे एक कुटुंब.’
मागून कोणीतरी, ‘मंग आमचा हिस्सा कोनता, बावा?’
सगळे हसले.
दोघी दुसऱ्याच दिवशी मोर्शीला कामाला लागल्या.

मला यादी करायला सांगितली:
कोण जाईल, कोण थांबेल.
माझंच नाव कुठे लिहू, कळेना.

मशीन आकार मोजतं, रंग मोजतं.
मृगाचा माल त्यातून सोन्यासारखा उतरला
आणि शेवंतानं एक फळ उचललं,
तळहातावर तोललं,
न बोलता बाजूला ठेवलं.
पोरानं ते फोडलं. आत पोचट.
‘मावशी, कसं कळलं?’

एवढंच विचारलं त्यानं.
तिनं टोपलं सरकवलं,
त्याला बसायला जागा केली.

संध्याकाळी यादी काढली.
तिच्या नावापुढं काहीच लिहिलं नाही.
जुनी वही तेवढी
मशीनशेजारच्या खिळ्याला परत टांगली,
पेन्सिलीच्या दोरीसकट.