अडतीस पावलं

उदगीरबाहेर, बंद पडलेल्या दालमिलच्या शेडात
ती आली तेव्हा पाठीवर तळहाताएवढी जखम होती.
तळहात प्रयागबाईचा, म्हणजे मोठाच.
वीटभट्टीवाल्यानं रस्त्याकडेला सोडून दिलेली.
रजिस्टरात मी लिहिलं: गाढव, मादी, वय अंदाजे नऊ.
नावाचा रकाना तसाच ठेवला.
जगते की नाही ते आधी कळू दे म्हटलं.

अळ्या काढताना तिनं लाथ मारली नाही.
कंपाउंडर मुनीरभाई म्हणाले, हेच वाईट आहे.
लाथ मारणारं जनावर वाचतं.

पौषातल्या त्या थंडीत
पहाटे चारला ती उठायची, कुणी न उठवता,
दारापासून हौदापर्यंत जायची,
मोजून अडतीस पावलं,
आणि तिथं मान खाली घालून थांबायची,
कुणीतरी विटा उतरवून घेईल म्हणून.
मग परत.
पाठीवर नुसतं मलम आणि जुन्या धोतराची पट्टी,
चाल मात्र तीच, चाळीस विटांची.

गोळी आम्ही गुळात दडवून द्यायचो.
ती गूळ खायची आणि गोळी ओठांनी बाजूला काढायची,
चाटूनपुसून स्वच्छ केलेली.
प्रयागबाई म्हणायची,
"गाढवाला गुळाची चव काय म्हणतेत,
त्यायला आणा की एकदा हिकडं."

शेजारी तीन पायांचं कुत्रं होतं,
कडब्याच्या आगीत कान जळालेली मांजर,
आणि प्लास्टिक खाऊन फुगलेली एक गाय.
गाय गेली.
त्या पहाटे ही हौदाकडं गेली नाही,
गाईच्या रिकाम्या जागेशी उजाडेस्तोवर उभी होती.
की नुसतीच उभी होती,
मला काय माहीत.

जखम कडेनं भरत आली.
भरलेल्या कातडीवर केस उगवले, पण पांढरे.

चैत्रात एका सकाळी
ती चोविसाव्या पावलावर थांबली.
मी हातातलं घमेलं खाली ठेवलं.
वाटलं, पाय गेला.
तिनं जमीन हुंगली, गुडघे मोडले
आणि चुलीच्या राखेच्या ढिगात अंग टाकून दिलं,
चारी पाय आभाळाकडं,
या कुशीवरून त्या कुशीवर,
नाकपुड्यांतून राख उडवत, बेशरम.
"लोळायलालीय बगा!" प्रयागबाई ओरडली.
पट्टी सुटून हौदापर्यंत गेली.
कुणी अडवलं नाही.

मग ती उठली, अंग झटकलं,
आणि मुनीरभाई नवी पट्टी घेऊन वाकले तेव्हा
नीट नेम धरून लाथ मारली.

मांडी चोळत, राखेत बसूनच ते म्हणाले,
लिही आता नाव.