डंखामागचं झाड

राधानगरीच्या बाजारातून हातभर रोप आणलं
तेव्हा विकणारा म्हणाला, तमालपत्र.
शेजारच्या हसीनाबी अत्तार म्हणाल्या,
कापराचं असंल, वास तरी बघा.
मगदूम मास्तरांनी चष्मा वर करून पान उजेडात धरलं.
देठापासून तीन शिरा निघतात,
टोकाजवळ येतात
आणि न भेटताच विरतात.
दालचिनी हाय ही बाई, म्हणाले,
दमानं घ्या. हिला घाई नसती.

आमचा मिरचीचा डंख शुक्रवार पेठेत.
मागं न्हाणीची ओल, तिथंच लावलं.
चुकलंच. ओल तिला आवडते,
साचलेलं पाणी नाही.
पण तेव्हा कुणाला ठाऊक?

दुसऱ्या चैतात सगळी पालवी लाल आली,
ओल्या ब्याडगीसारखी लाल.
ह्यांना वाटलं, रोग पडला.
पंप काढून तंबाखूचं पाणी मारलं
आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत,
जणू मीच तिखटाचे हात लावले होते झाडाला.
पंधरवड्यात लाल पानं गुलाबी झाली,
मग पोपटी, मग हिरवी,
आणि हिरवीच राहिली.
समोरचा पिंपळ झडून मोकळा झाला
तरी हिचं आपलं तेच.

मग मागचं दार दिवसभर वाजू लागलं.
दाढ ठणकली की तालमीतली पोरं
काडी मोडून चघळायची,
एवढी मोठी धुडं, डोळ्यांत पाणी.
रविवारी कुणाच्या मटणाला दोन पानं.
सर्दीला पान, सुंठ, गूळ,
पाणी निम्मं होईस्तोवर.
मास्तर येता-जाता बजावायचे,
उष्ण हाय, मापानं. पोटुशीला नको.

पंचगंगा गल्लीत आली त्या वर्षी
पाच दिवस झाड कमरेएवढ्या गढुळात उभं होतं.
पाणी उतरलं, आणि पानं करपत गेली.
ह्यांनी गुडघ्याच्या खाली बुंधा तोडला,
म्हणाले, जळण तरी होईल.
ओली साल हातात सुटून आली.
मी पितळी उलथन्याच्या दांड्यानं घासून
पट्ट्या काढल्या, पेपरावर वाळत टाकल्या.
सकाळी बघते तर त्या आपसूक आत वळलेल्या,
कानात काही सांगताना
आपण तळवा धरतो तशा.
लाकडं बंबात गेली.
तीन आठवडे गल्लीतून न गेलेला चिखलाचा वास
त्या सकाळी थोडा वेळ बाजूला झाला.
माणसं उंबऱ्यावर येऊन नुसती उभी राहिली.

दसऱ्याला खुंटातून सात कोंब.
लाल.
ह्यांनी वाकून बघितलं, बराच वेळ.
ह्या खेपेला पंप काढला नाही.
नंतर मास्तरांनी सांगितलं,
दालचिनीला तोडावंच लागतं,
तोडल्याबिगर ती फुटत नाही.
आधी का नाही सांगितलं, विचारलं,
तर म्हणाले, तुमचा जीव झाला असता का?

आता दर दोन वर्षांनी आम्हीच छाटतो.
तीस वर्षं मिरची कुटून
ह्यांच्या छातीत खोकला बसलाय.
रोज झोपताना काढा देते.
खोकला जात नाही.
फक्त अंधारात ऐकू येतो
तेव्हा त्याला वास असतो.

परवा हसीनाबी साल हुंगत
पुन्हा विचारत होत्या,
कापूर नाही ना पण, नक्की?