काठीची सावली

टॉरी गावाला एकच रस्ता, दोन पेट्रोल पंप,
आणि मोटेलच्या मागे तो लाल कडा,
इतका जवळ, की निषादला वाटलं रंगवलेला पडदा आहे.
"आमच्या स्टुडिओत होता तसा," अप्पा म्हणाले,
"फक्त आमच्यावर ताजमहाल होता,
आणि घुमटापाशी उंदराने पाडलेलं भोक."

दोन वर्षं झाली, अप्पांच्या नजरेत मधोमध डाग आहे.
राखाडी, रुपयाएवढा.
ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच त्याखाली जातं.
कडेकडेचं सगळं शाबूत.

याच माणसाने इस्लामपुरात चाळीस वर्षं
काचेखाली दिवा लावून,
पेन्सिलीला ब्लेडने सुईसारखं टोक काढून
निगेटिव्हवर टिंब टिंब भरत
लग्नाच्या मुलींच्या गालांवरचे देवीचे व्रण घालवले.
किती संसार उभे राहिले त्या टिंबांवर,
किती सासवा फसल्या, हिशेब नाही.
"आता वरच्याने माझ्यावरच पेन्सिल चालवली," म्हणतात,
आणि आपणच हसतात.

पहाटे पाचला आम्ही कॅपिटल रीफच्या वळणावर.
श्रीरंग थर्मासशी झटापट करतोय,
मी ट्रायपॉडचा तिसरा पाय शोधतेय.
अप्पांना मी सांगू लागते:
खाली विटकरी, मग जांभळट, वर पांढऱ्या घुमट्या...
"रंग राहू दे गं. सावली कुठे पडलीय ते सांग."
मी बघते. पहिल्यांदाच नीट बघते.
डावीकडून, अप्पा. अर्धा डोंगर अजून झोपेत आहे.
"मग थांब. घाई करू नको."
मी थांबते.
वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माझा पहिला बरा फोटो येतो.

दुपारी फ्रुटाच्या बागेत पीच तोडायचे.
वजन आपणच करायचं, पैसे आपणच पेटीत टाकायचे,
विचारायला कोणी नाही.
"आणि लोक टाकतात?" अप्पांना हे कड्यापेक्षा मोठं नवल.
ते अंगठ्याने एकेक फळ चाचपतात,
एकाला डाग लागला हाताला.
मला वाटलं, ठेवतील बाजूला.
तो त्यांनी आधी खाल्ला.

तिथेच झाडाखाली सगळ्यांचा फोटो काढला,
दहा सेकंदांचा टायमर लावून, मी धावत येऊन.
निषादने रात्री फोनवर बोट फिरवलं
आणि आजोबांची पांढरी काठी पुसून टाकली.
"बघा! कळतसुद्धा नाही."
अप्पांनी फोन कानाजवळ नेला, डोळ्याच्या कोपऱ्याशी धरला,
बराच वेळ.
"हात बरा जमलाय तुझा. पण बाळा,
काठी गेली, तिची सावली राहिली की गवतावर."
निषाद कानापर्यंत लाल.
"पुसू?"
"नको. आम्हालाही पुष्कळ ठिकाणी राहिलीय."

मग मोटेलचे दिवे मालवून मागे गेलो.
इतकं आभाळ एकदम अंगावर आलं
की श्रीरंग गप्प झाला, म्हणजे बघा.
निषादला देवयानी दीर्घिका हवी होती,
पुस्तकात वाचलेली, धुरकट पुंजक्यासारखी.
"दिसत नाही. बघायला गेलं की जाते."
"मग तिच्याकडे बघू नको," अप्पा अंधारातून म्हणाले,
"तिच्या शेजारी बघ. जरा बाजूला. हां. आता?"
बराच वेळ काही नाही.
लांब कुठेतरी कुत्रं भुंकलं.
"आली," निषाद कुजबुजला. "आजोबा, आली."

घरी आल्यावर बहिणीला बागेतला फोटो पाठवला.
तिने लगेच फोन केला:
सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत,
अप्पाच का गं तुझ्या पलीकडे कुठेतरी?
मला सांगता आलं असतं,
टायमर वाजत होता, मी धावत त्यांच्या शेजारी आले होते,
आणि मी दिसावे म्हणून
ते माझ्या कानामागच्या फांदीकडे बघत होते.

म्हटलं, पीच फार गोड होते यंदा.